मागचा आख सरळ आहे का? पाट्याच्या स्प्रिंगचा इतिहास आणि जुन्या गाडीचे निदान



काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमधील जुनी अ‍ॅम्बॅसॅडर अलाइनमेंट करून आणली. स्टिअरिंग अगदी सरळ होते आणि पुढच्या चाकांचे सर्व आकडे मर्यादेत होते. मुले खूश झाली. पण पावसात ओल्या रस्त्यावर गाडी पुढे जाऊ दिली आणि मागे उभे राहून पाहिले, तर मागच्या चाकांच्या खुणा पुढच्या खुणांवर पडत नव्हत्या. दोन्ही डावीकडे सरकलेल्या होत्या. गाडी सरळ जात होती, पण तिरकी होऊन. कागदावरचे आकडे खोटे नव्हते, मोजणीच अर्धी झाली होती. हे समजण्यासाठी थोडे इतिहासात जावे लागते.

१. आख जागेवर कोण धरतो?

जुन्या घोडागाड्यांमध्ये पुढचा आणि मागचा आख मधून जाणाऱ्या एका जाड लाकडी दांड्याने जोडलेले असत. आख काटकोनात ठेवण्याचे काम हा दांडा करी. १८०४ मध्ये इंग्लंडमध्ये ओबादाया इलियट यांनी लंबवर्तुळाकार पाट्यांच्या स्प्रिंगचे पेटंट घेतले. आता गाडीचा सांगाडा थेट स्प्रिंगवर बसू लागला आणि तो जड दांडा काढून टाकता आला. गाडी हलकी झाली. पण दांड्याचे काम संपले नव्हते, ते पाट्याकडे गेले होते.

पुढे मोटार आली. १८९० च्या दशकात पानहार्ड-लव्हासोर यांनी इंजिन पुढे आणि चालना मागच्या चाकांना अशी मांडणी रूढ केली. त्याच दशकाच्या अखेरीस लुई रेनो यांनी साखळीऐवजी शाफ्टने मागच्या आखाला चालना दिली. आता प्रश्न आला की चाके रस्त्याला मागे रेटतात तेव्हा मिळणारा पुढचा धक्का गाडीच्या अंगापर्यंत पोहोचवायचा कोणी? फोर्डच्या १९०८ च्या मॉडेल टीमध्ये हे काम शाफ्टभोवतीची नळी आणि आधाराच्या सळया करत. दुसऱ्या पद्धतीत नळी आणि सळया नाहीत. शाफ्ट उघडा असतो आणि धक्का लांबीच्या दिशेने बसवलेले दोन पाटेच झेलतात. फ्रेंच कंपनीच्या नावावरून हिला हॉचकिस चालना म्हणतात. ती स्वस्त, सोपी आणि दुरुस्तीला सोयीची असल्याने जगभर पसरली.

मॉरिस ऑक्सफर्ड मालिका ३ वर आधारलेली, पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत बनलेली अ‍ॅम्बॅसॅडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनलेली फियाट ११००, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, या दोन्हींच्या मागे एकसंध आख आणि पाटेच आहेत.

थोडक्यात, एकाच पाट्यावर तीन कामे आली: वजन पेलणे, धक्का पोहोचवणे आणि आख काटकोनात धरणे. पहिले काम बिघडले तर गाडी बसलेली दिसते. तिसरे बिघडले तर वरून काहीच दिसत नाही.

२. किती सरकले म्हणजे किती वाकडे?

समजा दोन पाट्यांमधील अंतर १ मीटर आहे आणि आखाची डावी बाजू १० मिमी मागे सरकली. कोन १०/१००० रेडियन, म्हणजे सुमारे ०.५७ अंश. आखाला काढलेला लंब आता गाडीच्या मध्यरेषेच्या डावीकडे जातो. या लंबाला रेट्याची रेषा म्हणू. गाडी याच रेषेवरून धावते, म्हणून चालकाला पुढची चाके तेवढीच डावीकडे वळवून धरावी लागतात. चाकांमधील लांबी २.५ मीटर धरली तर शेपूट २५ मिमी डावीकडे राहते. ओल्या रस्त्यावर आम्हाला दिसले ते हेच.

एकसंध आखावर मागे फिरवण्यासारखा नटच नसतो. म्हणून अलाइनमेंट करणारा पुढची चाके रेट्याच्या रेषेला जुळवून स्टिअरिंग सरळ करून देतो. लक्षण जाते, रोग राहतो.

३. निदानाचा क्रम

(अ) आधी टायरमधील हवा सारखी करा आणि गाडी सपाट फरशीवर उभी करा. दोन्ही बाजूंची उंची मोजा.

(आ) पाट्याचा पुढचा डोळा एका बोल्टवर पक्का असतो, मागचा शॅकलवर झुलतो. म्हणून आखाची जागा पुढचा अर्धा पाटा ठरवतो. पुढच्या बोल्टपासून आणि आखापासून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा करा, दोन्ही बाजूंची अंतरे मोजा.

(इ) अंतरे असमान असतील तर आख पाट्यावर सरकला आहे, किंवा डोळ्यातील बुश झिजला आहे, किंवा मुख्य पान डोळ्याजवळ तडकले आहे. समान असतील तर गाडीच्या अंगावर पुढे दोन सममित बिंदू घ्या आणि तेथून पाट्याच्या बोल्टपर्यंत कर्ण मोजा. कर्ण असमान म्हणजे दोष अंगात आहे. या गाड्यांना वेगळी चासी नाही. पाट्याचा बोल्ट पत्र्याच्या तळाला धरलेला आहे. तेथे गंज चढला की आधारच सरकतो.

(ई) टायर पाहा. आख नुसता फिरला असेल तर मागची दोन्ही चाके एकाच दिशेने गडगडतात आणि टायर फारसे खात नाहीत. मागचे टायर करवतीसारखे घासले असतील, तर आखाची नळी वाकल्याचा संशय घ्या. पण आधी चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा, कारण वाकडी रिमही असाच आकडा दाखवते.

(उ) गाडी चालवा. वेग देताना एकीकडे आणि पाय सोडताना दुसरीकडे ओढत असेल, तर आख सैल आहे. ओढ कायम एकसारखी असेल, तर तो एका जागी वाकडा बसला आहे.

आमच्या गाडीत यू-क्लॅम्प सैल पडले होते. क्लॅम्पची पकड गेली की सगळा रेटा मधल्या सेंटर बोल्टवर येतो, आणि तो बोल्ट पाने एकत्र धरण्यासाठी व जागा दाखवण्यासाठी असतो, रेटा झेलण्यासाठी नव्हे. तो कापला गेला होता. बैठकीवर घासल्याची चकचकीत खूण होती. बोल्ट काही रुपयांचा. पण तोच आख जोरात ब्रेक लावताना सरकला असता, तर मागची चाके आपणहून वळली असती.

४. निष्कर्ष

पुढच्या आणि मागच्या चाकांचे कोन एकत्र मोजणारी यंत्रे आता सर्वत्र आहेत. ती वापरावीत. पण यंत्र कोन सांगते, कारण सांगत नाही. कारण शोधायचे तर कोणता भाग कोणते काम करतो आणि ते त्याच्याकडे कधी आले, हे ठाऊक हवे. दांडा गेला तेव्हा त्याची जबाबदारी कोणावर पडली, हा प्रश्न विचारता आला की ओळंबा कोठे सोडायचा ते आपोआप कळते.

स्वाध्याय

१. पाट्यांमधील अंतर १.१ मीटर आणि सरक ६ मिमी असल्यास रेट्याच्या रेषेचा कोन काढा.
२. शेपूट उजवीकडे राहत असेल, तर आखाची कोणती बाजू मागे सरकली असेल? आकृती काढून स्पष्ट करा.