हरकत (घोड्यांची शर्यत)

धावताना एका घोड्याने दुसऱ्याची वाट अडवली किंवा त्याला धक्का दिला, तर बाधित घोड्याच्या बाजूने नोंदवली जाणारी तक्रार. शर्यतीचे पंच, म्हणजे स्टुअर्ड, स्वतःहूनही चौकशी लावतात. ते चित्रण पुन्हापुन्हा पाहतात, जॉकींचे म्हणणे ऐकतात. तोवर पैजेचे पैसे थांबतात.

निवाड्याच्या पद्धती दोन. ब्रिटनसह बहुतेक देशांत प्रश्न एकच : बाधा झाली नसती, तर बाधित घोडा दोषी घोड्याच्या पुढे आला असता का? तसे दिसले तरच क्रम बदलतो. अमेरिकेत मात्र बाधित घोड्याचे स्थान घसरले असे ठरले, की दोषी घोडा त्याच्या मागे टाकला जातो. पहिली पद्धत अधिक न्याय्य वाटते. मात्र जॉकीच्या बेदरकारपणाला वेगळी, कडक शिक्षा हवीच.

४ मे २०१९ रोजी अमेरिकेतल्या केंटकी डर्बी या शर्यतीत, चिखलाच्या धावपट्टीवर, शेवटच्या वळणावर आघाडीचा घोडा मॅक्सिमम सिक्युरिटी बाहेरच्या अंगाला सरकला. मागून येणाऱ्या वॉर ऑफ विलचे पाय त्याच्या पायांत अडकता अडकता वाचले. घोडे कोसळले असते, तर जॉकींच्या जिवावर बेतले असते. दोन जॉकींनी हरकत घेतली. सुमारे २२ मिनिटांनी पहिला आलेला घोडा सतराव्या स्थानी गेला आणि ६५ ला १ भावाचा कंट्री हाउस विजेता ठरला. डर्बीत धावतानाच्या आगळिकीमुळे विजेतेपद जाण्याची ही पहिलीच वेळ. मॅक्सिमम सिक्युरिटीचे मालक न्यायालयात गेले. २०२० मध्ये अपील न्यायालयानेही त्यांचा दावा फेटाळला.