टक्केवारी, दाखला आणि अनुदान: महाराष्ट्रातील दिव्यांग साहाय्याची वाटचाल

महाराष्ट्रातील दिव्यांग व्यक्तीला आज जे शासकीय साहाय्य मिळते, त्याच्या मुळाशी दोन भिन्न तत्त्वे आहेत. ज्याला उपजीविकेचे साधन नाही त्याला राज्याने आधार द्यावा, हे पहिले तत्त्व. आणि शारीरिक वा मानसिक हानीमुळे ज्याच्या वाट्याला अधिक खर्च व कमी संधी येतात, त्याला समाजात बरोबरीने वावरता यावे यासाठी राज्याने तरतूद करावी, हे दुसरे. पहिल्या तत्त्वात दारिद्र्य सिद्ध करावे लागते, तर दुसऱ्यात केवळ दिव्यांगत्व पुरेसे असते. गेल्या शंभर वर्षांतील कायदे आणि योजना या दोन तत्त्वांमध्ये सतत हेलकावे घेत आल्या आहेत.

हानीची नोंद भारतीय कायद्याने प्रथम घेतली ती कामगाराच्या संदर्भात. 1923च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक अनुसूची जोडलेली होती आणि अंगठा, डोळा किंवा हात गमावल्यास कमाईची क्षमता किती टक्क्यांनी घटली असे मानायचे, हे तिच्यात ठरवून दिले होते. 1948च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने कायमच्या अपंगत्वाबद्दल नियमित रक्कम देण्याची सोय केली. या दोन्ही कायद्यांमुळे यंत्रावर हात गमावलेल्या गिरणी कामगाराला भरपाई मागता येऊ लागली; परंतु जन्मतः अंध असलेली मुलगी किंवा पोलिओने पाय लुळा पडलेला शेतमजुराचा मुलगा या चौकटीत बसत नव्हता. त्यांच्यासाठी मुंबईतील मूकबधिर आणि अंध मुलांच्या मोजक्या शाळांसारख्या संस्था होत्या, आणि त्या मुख्यतः मिशनरी व दानशूर मंडळींच्या आधाराने उभ्या राहिल्या होत्या.

संविधानाच्या अनुच्छेद 41ने बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता अशा प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याची तरतूद राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत करावी, असे सांगितले. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, म्हणजेच राज्यकारभारासाठी ते मूलभूत मानले असले तरी न्यायालयामार्फत त्याची थेट अंमलबजावणी करून घेता येत नाही. त्या काळातील द्विधा मनोवृत्ती 1959 या एकाच वर्षातील दोन घटनांमध्ये स्पष्ट दिसते. त्या वर्षी अपंगांसाठीचे देशातील पहिले विशेष सेवायोजन कार्यालय मुंबईत सुरू झाले, आणि त्याच वर्षीच्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने भिक्षेसाठी जखम, व्यंग किंवा रोग उघडा करून दाखवणे हे ‘भीक मागणे’ या व्याख्येत घालून, पहिल्या खेपेस दोषी ठरणाऱ्यालाही एक ते तीन वर्षे संस्थेत अडकवून ठेवण्याची मुभा दिली. ज्याला नोकरी देता येईल त्याची नोंदणी आणि ज्याला देता येणार नाही त्याची रवानगी, असा हा व्यवहार होता. घरी राहून जगण्याला आधार देणारे नियमित अनुदान त्यात कोठेच नव्हते.

ही उणीव राज्यात काही अंशी भरून काढली ती 1980मध्ये सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेने. विधवा, परित्यक्ता, अनाथ आणि दुर्धर आजाराने ग्रस्त व्यक्तींबरोबर अपंगांनाही तिने दरमहा रोख रक्कम दिली, आणि खेड्यातल्या कुटुंबाला ती थेट उपयोगी पडली. मात्र पात्रतेचा पाया दारिद्र्य हाच राहिला. अर्जदाराला वयाचा, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा आणि कुटुंबाच्या उत्पन्नाचा दाखला, शिवाय जिल्हा शल्यचिकित्सकाचे अपंगत्व प्रमाणपत्र, इतकी कागदपत्रे तहसील कार्यालयात सादर करावी लागत. पुढे अनुदान चालू राहण्यासाठी हयातीचा दाखलाही द्यावा लागे. ज्याला चालता येत नाही किंवा दिसत नाही, त्याने तलाठी, तहसील आणि जिल्हा रुग्णालय अशा फेऱ्या मारूनच आपली असहायता सिद्ध करावी, ही या व्यवस्थेतील सर्वांत मोठी विसंगती होती.

दुसरे तत्त्व कायद्याच्या भाषेत आले ते 1995च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने. त्याने सात प्रकारची अपंगत्वे मान्य केली, वैद्यकीय अधिकाऱ्याने प्रमाणित केलेले किमान 40 टक्के अपंगत्व ही लाभाची किमान अट ठरवली, आणि 1977पासून केंद्राच्या खालच्या श्रेणीच्या पदांपुरते असलेले तीन टक्के आरक्षण कायद्यात आणले. 2007मध्ये भारताने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला अनुसमर्थन दिले आणि त्याला अनुसरून 2016चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम झाला. मान्य प्रकारांची संख्या त्याने 21वर नेली, त्यामुळे स्वमग्नता, थॅलेसेमिया आणि विदर्भातील आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेल हेही कायद्याच्या कक्षेत आले. आरक्षणही चार टक्के झाले.

याच अधिनियमाच्या कलम 24मध्ये एक कमी चर्चिली गेलेली, परंतु मूलगामी तरतूद आहे: सामाजिक सुरक्षेच्या योजनांमध्ये दिव्यांगांना मिळणारी रक्कम इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा किमान 25 टक्क्यांनी अधिक असावी. दिव्यांगत्वाचा स्वतःचा असा खर्च असतो, ही जाणीव येथे प्रथमच अनुदानाच्या हिशेबात उतरली. प्रत्यक्षात केंद्राच्या 2009च्या दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेतून 80 टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेची अट पूर्ण करणाऱ्यालाही दरमहा 300 रुपयेच मिळत राहिले, आणि 2023मध्ये राज्याने आपले अनुदान 1500 रुपये केले तेव्हा ते दिव्यांग व इतर निराधार या दोघांनाही सारखेच होते. डिसेंबर 2022मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन करणाऱ्या राज्याने दिव्यांगांचे अनुदान 2500 रुपये करण्याचा निर्णय 2025मध्ये घेतला, तेव्हा कुठे हा फरक रकमेत उमटला.

ही वाढ स्वागतार्ह असली, तरी उत्पन्नाची अट कायम असेपर्यंत ती दारिद्र्याच्या चौकटीतच राहते. चाकाची खुर्ची, मदतनीस आणि वारंवार लागणारे उपचार यांचा भार मर्यादेच्या किंचित वर कमावणाऱ्या कुटुंबावरही तितकाच पडतो. म्हणून उत्पन्नाची अट शिथिल करणे आणि प्रमाणपत्राची यंत्रणा अर्जदाराच्या गावापर्यंत नेणे, ही 2016च्या कायद्याने राज्यावर टाकलेल्या जबाबदारीची पुढची आणि अटळ पायरी आहे.