चाऱ्यासाठी मिळालेलं नोबेल

आजचा भाग चाऱ्याबद्दल आहे. हो, गुरांच्या चाऱ्याबद्दल. हेडफोन काढू नका, कारण ही गोष्ट गोठ्यात सुरू होते आणि तुमच्या सकाळच्या चहात येऊन संपते. मध्ये एक नोबेल पारितोषिक आहे, मुंग्या आहेत आणि लाखभर मेलेल्या टर्की आहेत.

सुरुवात आपल्याच एका वाक्प्रचारापासून करू. "सध्या रील्सचं नुसतं पेव फुटलंय" असं आपण म्हणतो. पण पेव म्हणजे काय, हे आपल्या वयाच्या किती जणांना माहीत असतं? पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेला खोल खड्डा. आतून कडब्याचं अस्तर, त्यात ज्वारी, आणि तोंड मातीने लिंपून बंद. आत धान्य आणि त्यावरचे जीव श्वास घेत राहतात, प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि मग किडीला जगता येत नाही. माणसालाही येत नाही. पेव उघडल्या उघडल्या आत उतरलेली माणसं गुदमरून गेल्याच्या घटना आहेत, म्हणून आधी आत वारा खेळू द्यायचा अशी रीत होती.

थोडक्यात, साठवणीचे शत्रू दोन: पाणी आणि हवा. कडबा वाळवतो तेव्हा आपण पाणी काढतो. पेव लिंपतो तेव्हा हवा काढतो. पण एक तिसरा रस्ताही आहे, आणि तो आपल्या घरात बरणीत ठेवलेला असतो. लोणचं. आंबट करा, टिकेल.

ओल्या चाऱ्याचं लोणचं म्हणजे मुरघास. पश्चिम महाराष्ट्रातल्या दूधवाल्या गावांत हा शब्द आता सगळ्यांना माहीत आहे. मक्याची कुट्टी करायची, खड्ड्यात किंवा बॅगेत दाबून भरायची, हवा बंद करायची. आतले जिवाणू मक्यातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात आणि चारा आपोआप आंबतो. आधुनिक काळात ही पद्धत गाजवली ती फ्रान्सच्या ऑग्यूस्त गोफार यांनी. १८७७ साली त्यांनी मक्याच्या मुरघासावर पुस्तक लिहिलं आणि दोनच वर्षांत ते अमेरिकेत इंग्रजीत आलं.

मक्याचं ठीक आहे, त्यात साखर भरपूर. पण लसूणघास किंवा क्लोव्हरसारख्या द्विदल चाऱ्यात प्रथिनं जास्त आणि साखर कमी. शिवाय अशा चाऱ्याचा पीएच सहज खाली येत नाही. आंबण्याची शर्यत लांबते, आणि तेवढ्यात दुसरेच जिवाणू पुढे जातात. ते ब्युटिरिक आम्ल करतात, प्रथिनं फोडतात, चाऱ्याला घाण वास येतो. त्यांचे बीजाणू गाईच्या शेणातून दुधात आणि दुधातून चीजमध्ये जातात आणि महिनोन्‌महिने मुरत ठेवलेलं चीज फुगवून टाकतात.

हा प्रश्न सगळ्यात जास्त सतावत होता फिनलंडला.

देश १९१७ साली स्वतंत्र झालेला, नवाकोरा. हिवाळा इतका लांब की वर्षातले कित्येक महिने गुरं गोठ्यातच. परदेशात विकायला लाकूड आणि लोणी. आणि लोणी करायचं तर हिवाळ्यातही गाईला प्रथिनं हवीत, ती पेंडीच्या रूपात बाहेरून विकत आणायची. म्हणजे लोणी विकून आलेला पैसा पुन्हा पेंडीत घालायचा. वालिओ नावाची दूध सहकारी संस्था होती, आजही आहे. तिच्या प्रयोगशाळेत आर्तुरी इल्मारी विर्तानेन नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ काम करत होता. जन्म १८९५, हेलसिंकी.

विर्तानेन यांनी विचार केला, की चारा आंबायची वाट बघायचीच कशाला? जिवाणू आम्ल तयार करतील तेव्हा करतील, आपणच आधी ओतू. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी ताज्या कापलेल्या गवतावर हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लाचं पातळ मिश्रण शिंपडून पाहिलं. पीएच ४ च्या खाली आला की वनस्पतीचं श्वसन थांबतं, प्रथिनं फुटायची थांबतात, ब्युटिरिकवाले जिवाणू गप्प होतात. या पद्धतीला त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून एआयव्ही म्हणू लागले.

१९४५ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मानपत्रात चारा टिकवण्याच्या पद्धतीचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्या वर्षी जग अणुबॉम्बबद्दल बोलत होतं त्या वर्षी रसायनशास्त्राचं नोबेल गवत टिकवणाऱ्याला गेलं, हे मला फार आवडतं. आणि फिनलंड तेव्हा युद्ध हरून सोव्हिएत संघाला भरपाई देत होता. अशा देशात हिवाळ्यातलं दूध ही चैन नव्हती.

पण पद्धतीत एक त्रास होता. सल्फ्युरिक आम्ल शेतावर वापरायचं म्हणजे हात भाजतात, कपडे जळतात, लोखंड गंजतं. आणि गाईच्या पोटात इतकं आम्ल जातं की ते मारायला सोबत खडूची भुकटी किंवा सोडा द्यावा लागतो. म्हणून १९६० च्या दशकात हळूहळू दुसरी आम्लं आली. सेंद्रिय आम्लं.

इथे थांबून एक गैरसमज काढू. "सेंद्रिय" म्हटलं की आपल्या डोक्यात सेंद्रिय शेती, महागडा गूळ वगैरे येतं. इथे तसं काही नाही. सेंद्रिय आम्ल म्हणजे कार्बनच्या सांगाड्याचं आम्ल. व्हिनेगरमधलं ॲसेटिक, दह्यातलं लॅक्टिक. चाऱ्याच्या गोष्टीतले दोन नायक म्हणजे फॉर्मिक आणि प्रोपियोनिक.

फॉर्मिक हे नाव मुंगीवरून आलं. लॅटिनमध्ये मुंगी म्हणजे फॉर्मिका. सतराव्या शतकात जॉन रे या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने मुंग्यांच्या ऊर्ध्वपातनातून मिळणाऱ्या आम्लाची नोंद केली होती. मुंगी चावल्यावर जे झोंबतं, त्याचा हा भाऊबंद. प्रोपियोनिक १८४४ साली पहिल्यांदा नोंदवलं गेलं आणि तीन वर्षांनी द्युमा या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याचं बारसं केलं. ग्रीकमध्ये अर्थ "पहिली चरबी". तुमच्या घरी ब्रेडचं पुडकं असेल तर मागे २८२ हा आकडा आहे का बघा. ते कॅल्शियम प्रोपियोनेट, याच आम्लाचा क्षार. बुरशी येऊ नये म्हणून.

आता ही आम्लं सल्फ्युरिकपेक्षा वेगळी का? मी कोड लिहिणारा माणूस, रसायनशास्त्र बीटेकच्या पहिल्या वर्षानंतर सुटलं, पण हा भाग कळला तेव्हा मजा आली. सल्फ्युरिकसारखं तीव्र आम्ल पाण्यात पडलं की फुटतं, त्याचे विद्युतभारित तुकडे होतात. भार असलेल्या तुकड्यांना जिवाणूच्या पडद्यातून सहज आत जाता येत नाही. फॉर्मिक किंवा प्रोपियोनिकचे काही रेणू मात्र अखंड राहतात. अखंड रेणूवर भार नसतो, तो पडदा ओलांडून आत शिरतो. पेशीच्या आत पीएच साधारण ७, तिथे तो फुटतो आणि आम्लता आत सोडतो. ती बाहेर फेकता फेकता पेशीची सगळी ऊर्जा संपते. म्हणजे तीव्र आम्ल दारावर धडका देतं, आणि सेंद्रिय आम्ल पाहुणा म्हणून घरात शिरतं.

किती रेणू अखंड राहतील, हे पीएचवर ठरतं. मी चार ओळींचा प्रोग्राम लिहून बघितलं. पीएच ४ ला फॉर्मिकचे शंभरातले साधारण ३६ रेणू अखंड असतात, प्रोपियोनिकचे ८८. पीएच ५ ला प्रोपियोनिकचे ४३ उरतात आणि फॉर्मिकचे फक्त ५. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

ओल्या गवतासाठी फॉर्मिक उत्तम निघालं. टनाला साधारण चार-पाच लिटर. नॉर्डिक देशांत ते रुळलं. पण धान्याचं आणि पेंडीचं काय? तिथे खरा शत्रू जिवाणू नाही, बुरशी. आणि बुरशी किती वाईट असू शकते, हे जगाला नेमकं त्याच सुमारास कळलं.

१९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची पिल्लं मरायला लागली. एक लाखाहून जास्त. कारण कळेना म्हणून रोगाला नाव दिलं "टर्की एक्स". शोध घेता घेता संशय गेला तो खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीवर. पेंड ब्राझीलहून आलेली. त्यात अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीने तयार केलेलं विष सापडलं. बुरशीच्या नावातूनच विषाचं नाव पडलं, अफ्लाटॉक्सिन. ते यकृतावर जातं. आज जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था त्याला पहिल्या गटात ठेवते, म्हणजे माणसात कर्करोग करतं हे सिद्ध झालेल्यांत.

आता साठवणीतली बुरशी हा फक्त वासाचा प्रश्न राहिला नाही. ओल्या बार्लीवर, मक्यावर प्रोपियोनिक आम्ल फवारायची पद्धत युरोप-अमेरिकेत पसरली. ओलावा जितका जास्त तितकं आम्ल जास्त, ढोबळपणे वजनाच्या अर्धा ते दीड टक्का. वाळवायला इंधन जाळण्यापेक्षा ते अनेकांना परवडायचं.

आणि मग येते या इतिहासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. स्वीडन, १९८० चं दशक. गवतावर चालतं तर धान्यावरही चालेल, अशा हिशोबाने तिथे ओल्या धान्याला फॉर्मिक आम्ल लावलं जायचं. तपासणीत त्या धान्यात अफ्लाटॉक्सिन सापडलं आणि पुढे गाईच्या दुधातही त्याचा अंश. स्वीडनमध्ये! ही बुरशी उष्ण देशांची, तिथल्या थंडीत ती अपेक्षितच नव्हती.

झालं काय? मघाचे आकडे आठवा. फॉर्मिक जिवाणूंवर जोरदार, पण बुरशीवर कमकुवत. धान्याचा पीएच पुरेसा खाली आला नाही, किंवा मात्रा कमी पडली, की बाकीचे स्पर्धक मरतात आणि चिवट बुरशीला रिकामं मैदान मिळतं. तेही आधीपासून घाबरलेल्या बुरशीला. म्हणजे अर्धवट संरक्षण हे काही वेळा संरक्षण नसण्यापेक्षा वाईट. पूर्ण कोर्स न घेता अँटिबायोटिक सोडणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल.

यातच दुसरा नियम लपलेला आहे. आम्ल बुरशीला रोखतं, पण एकदा तयार झालेलं अफ्लाटॉक्सिन ते काढून टाकत नाही. बुरसलेल्या मक्यावर आम्ल मारलं तर बुरशी मरेल, वास जाईल, माल चांगला दिसेल. विष तिथेच.

आता आपल्याकडे येऊ. १९७४ च्या ऑक्टोबरात गुजरातचा पंचमहाल आणि त्याला लागून असलेला राजस्थानचा बांसवाडा इथे मका काढणीला आलेला असताना अवकाळी पाऊस झाला. भिजलेला मका घरात साठवला गेला. खाणारे मुख्यतः आदिवासी शेतकरी, दुसरं धान्य घरात नव्हतंच. काविळीची साथ आली असं आधी वाटलं. ३९७ जण आजारी पडले, १०६ गेले. गावातली कुत्रीही मेली, कारण तीही तोच मका खात होती. कारण निघालं अफ्लाटॉक्सिन.

तिथे माणसांनीच मका खाल्ला, म्हणून निदान कळलं तरी. गाईने खाल्ला तर? गाय लगेच मरत नाही. तिचं यकृत त्या विषाचं एम-१ नावाचं रूप करतं, आणि खाल्लेल्यातला थोडा अंश दुधातून बाहेर पडतो. दूध उकळून ते जात नाही. पाश्चरायझेशननेही नाही.

आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, एफएसएसएआयने, २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले. आपण सगळे भेसळीला घाबरतो ना, युरिया, डिटर्जंट? तशी आरोग्याला घातक भेसळ सापडली १२ नमुन्यांत. अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा जास्त सापडलं ३६८ नमुन्यांत. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र फॉरवर्ड येतात ते डिटर्जंटचेच.

दोष कोणाचा? दोन गाई असलेल्या माणसाला सरकी पेंडीचं पोतं घेताना त्यातलं विष दिसत नाही, वासही येत नाही. पावसाळ्यात पोतं फरशीवर, भिंतीला टेकून ठेवलं की ओल धरतं. मोठ्या खाद्य कारखान्यात प्रोपियोनिक मिसळता येतं, ओलावा मोजता येतो. त्या माणसाच्या हातात आहे लाकडी फळी खाली घालणं, भिंतीपासून पोतं लांब ठेवणं, आणि बुरसलेलं खाद्य टाकून देणं. शेवटचं सगळ्यात अवघड, कारण त्यात पैसे जातात. दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर ठरतो. बुरसलेली पेंड फेकून दिल्याबद्दल कोणी लिटरमागे रुपया जास्त देत नाही.

विर्तानेनच्या गोष्टीत मला म्हणूनच आम्लाइतकीच ती सहकारी संस्था महत्त्वाची वाटते. प्रयोगशाळा दूधवाल्यांच्या पैशांवर चालत होती, प्रश्न दूधवाल्यांचा होता, उत्तर त्यांच्याच गोठ्यात गेलं. सहकारी दूध संघ आपल्याकडेही कमी नाहीत. संघाने दुधासोबत पेंडही तपासून दिली, तर बाटलीतल्या आम्लाची गरज बऱ्याच ठिकाणी पडणारही नाही.

आणि शहरात राहणाऱ्या आपल्यासाठी एकच सांगतो. बुरशी आलेली पोळी, ब्रेड "वाया कशाला घालवायचं" म्हणून गाईपुढे टाकायची आपल्याकडे सवय आहे, आणि वर पुण्यही मिळतं अशी समजूत. ते कचऱ्यात टाका. गाईला द्यायचंच असेल तर ताजं द्या.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात पेव पाहिलेलं कोणी असेल, आजी-आजोबा असतील, तर त्यांच्या आठवणी व्हॉइस नोटमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या भागात.