रिबन क्रीकची रात्र

सैनिक घडवायचा तर आधी त्याच्यातला माणूस मोडावा लागतो, हे मत बराकींमधून पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. त्याची जाहीर झडती १९५६ साली अमेरिकेतल्या एका लष्करी न्यायालयात झाली. तो खटला मी पुनःपुन्हा वाचत आलो आहे.

८ एप्रिल १९५६, रविवार. साउथ कॅरोलायनातील पॅरिस आयलंड हे मरीन कोअरचे प्रशिक्षण केंद्र. ७१ क्रमांकाच्या प्लॅटूनची शिस्त ढिली पडली आहे, असे प्रशिक्षक स्टाफ सार्जंट मॅथ्यू मॅककिऑन यांना वाटत होते. दिवसा त्यांनी मद्यही घेतले होते. रात्री त्यांनी ७४ रिक्रूट बाहेर काढले आणि रिबन क्रीक या भरती-ओहोटीच्या खाडीत उतरवले. स्वतः ते पुढे होते. कित्येकांना पोहता येत नव्हते. खोल पाण्यात घबराट उडाली आणि सहा जण बुडाले.

मॅककिऑनना क्रूरकर्मा ठरवून मोकळे होणे सोपे होते. पण त्यांच्या प्लॅटूनमधल्या अनेक मुलांनीच त्यांच्याविषयी चांगली साक्ष दिली. वकील होते एमिल झोला बर्मन. ड्रेफससाठी फ्रेंच लष्कराला जाब विचारणाऱ्या कादंबरीकाराचे नाव लाभलेले. रिक्रूटांना दलदलीत नेणे ही तिथली रूढच आहे, असे त्यांनी दाखवून दिले. मला हीच बाब सर्वांत अस्वस्थ करते. बचाव म्हणून मांडलेला मुद्दा खरे तर संस्थेवरचे आरोपपत्र होता.

मनुष्यवधाच्या गंभीर आरोपातून मॅककिऑन सुटले. निष्काळजीपणामुळे झालेले मृत्यू आणि मद्यपान यांबद्दल दोषी ठरले. नऊ महिन्यांची सक्तमजुरी नौदल सचिवांनी तीन महिन्यांवर आणली आणि बडतर्फी रद्द केली. हुद्दा मात्र साध्या शिपायाचा उरला.

त्यानंतर प्रशिक्षणासाठी ब्रिगेडियर जनरलच्या हाताखाली स्वतंत्र यंत्रणा आली, प्रशिक्षकांवरची देखरेख वाढली. तरीही डिसेंबर १९७५मध्ये सॅन डिएगोत, टोकांना गादी बांधलेल्या काठ्यांच्या झुंजीत एका रिक्रूटला जबर मार बसला. मार्च १९७६मध्ये तो मरण पावला. मागे पडणाऱ्या मुलांच्या 'मोटिव्हेशन प्लॅटून'मधला तो होता. काँग्रेससमोर सुनावण्या झाल्या. सेनाप्रमुख लुई विल्सन यांनी त्या प्लॅटून बंद केल्या आणि अधिकाऱ्यांची देखरेख आणखी वाढवली.

म्हणजे वीस वर्षांत नियम बदलले, सवय टिकली. माझ्या मते कारण साधे आहे. खडतर सराव आणि अपमान यांतली सीमा प्रशिक्षकाच्या मर्जीवर सोडली, की ती रोज थोडी सरकते. रिक्रूटला तर हुकूम पाळायलाच शिकवलेले असते. तो 'नाही' म्हणू शकत नाही. ते त्याच्या वतीने म्हणणारा कुणीतरी वरिष्ठ तिथे हजर असावा लागतो. त्या रविवारी रात्री खाडीच्या काठावर असा एकही अधिकारी नव्हता.