गाडीचा थर्ड पार्टी विमा : पेणकरपाड्यात आणि दहिसरमध्ये नियम वेगळा आहे का?

पेणकरपाडा मीरा-भाईंदर महापालिकेत, ठाणे जिल्ह्यात. दहिसर चेकनाका ओलांडला की मुंबई. इथल्या अनेक गाड्यांची नोंदणी ठाण्याची, म्हणजे एमएच ०४. नाक्यापलीकडच्या गाड्या बोरिवलीच्या, एमएच ४७. मग हद्द बदलली की विम्याचा किमान नियमही बदलतो का?

नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी गाडी वापरायची तर थर्ड पार्टी विमा हवाच. हा नियम देशभर सारखा आहे. विमा नसेल तर पहिल्यांदा २,००० रुपये, पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. (दहिसर नाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या गाड्यांना टोल माफ आहे, विमा नव्हे.)

अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्याची किमान रक्कम वेगळी असते. कॅलिफोर्नियात एका जखमी व्यक्तीमागची किमान मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून १५ हजारांवरून ३० हजार डॉलर झाली. न्यू हॅम्पशायरमध्ये तर सर्वसाधारण चालकावर विम्याची सक्तीच नाही.

आपल्याकडे थर्ड पार्टीचा हप्ताही गावावर नाही, इंजिनावर ठरतो. जून २०२२ मध्ये लागू झालेले खासगी कारचे वार्षिक दर असे : १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ रुपये, अधिक जीएसटीचे तेव्हाचे नियम. नवी कार घेताना थर्ड पार्टी विमा एकदम ३ वर्षांचा घ्यावा लागतो.

ठिकाणाचा फरक पडतो तो 'ओन डॅमेज' भागात, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. जुन्या दरपत्रकात मुंबई, पुण्यासह आठ शहरं 'अ' झोनमध्ये होती, बाकी देश 'ब' मध्ये. कंपन्या आता दर स्वतः ठरवतात, तरी गाडीची नोंदणी कुठली हे अजूनही पाहिलं जातं. त्यामुळे नाक्याच्या दोन बाजूंना एकाच मॉडेलचं कोटेशन वेगळं येऊ शकतं.

पण शे-दोनशे रुपयांच्या या फरकापेक्षा मोठी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. थर्ड पार्टी म्हणजे समोरचा. तुमच्या गाडीने कुणी पादचारी दगावला तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई कंपनी देते, त्याला वरची मर्यादा नाही; मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची आहे. तुमच्याच गाडीत मागे बसलेली आई, बायको, मुलं? केवळ कायद्यापुरत्या पॉलिसीत खासगी गाडीतले असे प्रवासी सहसा धरले जात नाहीत. दुचाकीवर मागे बसलेल्या व्यक्तीबाबत सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये हेच सांगितलं होतं. अशा वेळी भरपाईचा बोजा थेट गाडीमालकावर येऊ शकतो. मालक-चालकासाठी १५ लाखांचं अपघात संरक्षण वेगळं असतं, पण ते त्याच्यापुरतंच.

पॅकेज पॉलिसीत हे प्रवासी साधारणपणे येतात. म्हणून 'सगळं कव्हर आहे' असं एजंट म्हणाला, तरी दायित्वाच्या कलमात गाडीतल्या प्रवाशांचा उल्लेख आहे का ते वाचा. पावसात पाणी शिरून इंजिन बंद पडलं, तर थर्ड पार्टीत एक रुपयाही मिळत नाही.

पॉलिसीची मुदत एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून दिसते. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही, तर ओन डॅमेजवरचा नो क्लेम बोनसही जातो.