फर्निचर डिझाइन सॉफ्टवेअरची भाषा कशी बदलायची? यादीत मराठी नसेल तर काय करावे?

चंदगड हा कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा तालुका. एका बाजूला बेळगाव, तर तिलारी घाट उतरला की दोडामार्ग आणि पुढे गोवा. अशा ठिकाणी सुतारकामाच्या दुकानात मराठी, कोकणी आणि कन्नड या तिन्ही भाषा कानावर पडतात. गिऱ्हाइकाला कपाट किंवा किचन ट्रॉलीचे चित्र आधी संगणकावर दाखवण्याची पद्धत आता लहान गावांतही आली आहे. पण त्यासाठीचे सॉफ्टवेअर बहुधा इंग्रजीत उघडते, आणि कधी चुकून भलत्याच भाषेत. ती भाषा कशी बदलायची आणि बदलल्यावर काय तपासायचे, ते पाहू.

इंटरफेसची भाषा म्हणजे काय?

मेनू, बटणे, सूचना आणि चुकीचे संदेश ज्या भाषेत दिसतात ती इंटरफेसची भाषा. ती बदलल्याने रेखाटलेले कपाट, त्याची मापे किंवा आधी लिहिलेला मजकूर बदलत नाही.

विंडोज मराठीत करता येते. कोकणी आणि कन्नडचीही सोय आहे. मात्र विंडोज मराठीत केले म्हणून त्यावरचे प्रत्येक सॉफ्टवेअर मराठी होत नाही. सॉफ्टवेअरमध्ये तो अनुवाद मुळात असावा लागतो.

कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये भाषा कुठे बदलते?

• स्वीट होम थ्रीडी: घराचा आराखडा आणि फर्निचरची मांडणी दाखवणारे हे मोफत सॉफ्टवेअर आहे. विंडोजवर ‘फाइल’ मेनूतील ‘प्रेफरन्सेस’ उघडा. तिथे ‘लँग्वेज’ची यादी मिळते. बाहेरून मिळवलेली भाषेची फाइल जोडण्याची सोयही तिथेच आहे.

• फ्रीकॅड: २००२ पासून विकसित होत असलेले हे मुक्त सॉफ्टवेअर, त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. ‘एडिट’, ‘प्रेफरन्सेस’, ‘जनरल’ असे गेल्यावर भाषा निवडता येते. आकडे कसे दाखवायचे याचा पर्यायही तिथेच असतो.

• ब्लेंडर: ‘एडिट’, ‘प्रेफरन्सेस’ आणि त्यातील ‘इंटरफेस’. यादीत हिंदी आहे, पण तिचा अनुवाद अपुरा आहे. मेनू इंग्रजीत ठेवून फक्त माहितीच्या चौकटी, म्हणजे ‘टूलटिप्स’, दुसऱ्या भाषेत दाखवण्याची सोय इथे आहे.

• स्केचअप: विंडोजवर भाषा इन्स्टॉल करतानाच निवडायची असते. नंतर हवी असल्यास इन्स्टॉलर पुन्हा चालवावा लागतो.

• ऑटोकॅड: त्या-त्या आवृत्तीचा भाषा-पॅक वेगळा डाउनलोड करावा लागतो. इंग्रजी कमांडच्या आधी अंडरस्कोअर टाइप केला, तर ती कमांड कोणत्याही भाषेच्या आवृत्तीत चालते.

सॉफ्टवेअर अनोळखी भाषेत उघडले तर?

घाईने काढून टाकू नका. मोबाइलवर गूगल ट्रान्सलेटचा कॅमेरा उघडून स्क्रीनसमोर धरा. मेनूचा मराठी अर्थ दिसेल. भाषांच्या यादीत इंग्रजीचे नाव बहुधा रोमन अक्षरांतच असते, त्यामुळे ते ओळखता येते.

भाषा बदलल्यावर तीन गोष्टी तपासा

१. माप: भाषा आणि मापाचे एकक या दोन वेगळ्या सेटिंग आहेत. सुताराच्या हिशोबात एक इंच म्हणजे ८ सूत, म्हणजेच २५.४ मिलिमीटर. त्यामुळे ६ सूत म्हणजे १९.०५ मिलिमीटर. प्लायवूड मात्र मिलिमीटरच्या जाडीने विकले जाते. एकक सेंटिमीटर असताना इंच समजून २४ लिहिले, तर ६१ सेंटिमीटरचा कप्पा २४ सेंटिमीटरचाच होतो.

२. दशांश चिन्ह: जर्मन, फ्रेंच, इटालियन अशा भाषांत दशांशासाठी टिंबाऐवजी स्वल्पविराम वापरतात. तिथे ८६४.५ हा आकडा ८६४,५ असा दिसतो. टिंब टाइप केले तर काही सॉफ्टवेअर आकडा नाकारतात, तर काही ते टिंब हजारांचे समजतात.

३. वस्तूंची नावे: आधी ठेवलेल्या वस्तूंची नावे फाइलमध्ये साठवलेली असतात, म्हणून ती जुन्याच भाषेत राहू शकतात. मग एकाच यादीत दोन भाषा दिसतात. नावे हाताने बदलून घ्या.

सोपी चाचणी म्हणजे ९०० मिलिमीटर रुंदीचे एक कपाट काढणे. दोन्ही बाजूंना १८ मिलिमीटरचे प्लाय असेल, तर आतली फळी ८६४ मिलिमीटरची यायला हवी. भाषा बदलण्याआधी आणि नंतर हाच आकडा दिसला, तर पुढचे काम करा.

मराठी नसेल तर मार्ग काय?

ऑटोकॅड आणि स्केचअपच्या यादीत मराठी नाही आणि हिंदीही नाही. अशा वेळी मेनू इंग्रजीतच ठेवलेले सोयीचे. शिकवणारे व्हिडिओ मराठीत असले तरी त्यात बटणांची नावे इंग्रजीच सांगितली जातात. मेनू वेगळ्या भाषेत असले तर ती शोधत बसावे लागते.

मराठीची खरी गरज कटिंग लिस्टमध्ये असते. करवतीवर उभा असलेला कारागीर मेनू पाहत नाही, तो यादी वाचतो. ‘डावी बाजू’, ‘मधला कप्पा’, ‘पल्ला’, ‘मागची फळी’ अशी नावे तुकड्यांना दिली तर उजवी-डावी चुकत नाही. ८ बाय ४ फुटांची एक शीट चुकीची कापली गेली, तर तो खर्च दुकानाच्याच अंगावर येतो.

ही नावे युनिकोड मराठीतच टाइप करा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. ऑटोकॅडमध्ये एसएचएक्स फॉन्टऐवजी निर्मला किंवा मंगल यांसारखा ट्रूटाइप फॉन्ट निवडा आणि यादी पीडीएफ करून जोडाक्षरे नीट उमटली का, ते पाहून मगच पाठवा.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक वाट आहे. फ्रीकॅडचा अनुवाद स्वयंसेवक करतात. सूत, पल्ला, कप्पा हे शब्द रोज वापरणारा माणूस त्यात उतरला, तर मेनूतली मराठी शब्दकोशातली न राहता कारखान्यातली होईल.