राखुंडीपासून तारेपर्यंत

आज दातांच्या तारेबद्दल बोलू, पण सुरुवात जरा मागून करू.

नागपूरचं सरकारी दंत महाविद्यालय १९६८ सालचं. आता आपल्या हिंगणा रस्त्यावरच दोन दंत महाविद्यालयं आहेत, एक डिगडोहला आणि एक वानाडोंगरीला. त्यामुळे तारा लावलेल्या पोरी आता आपल्या गावांतल्या शाळांतही दिसतात. घरात मात्र भांडण लागतं. आजी म्हणते, आमच्या वेळी काय ब्रश होता? राखुंडीनं घासले, तरी दात पक्के.

आजीचं अगदीच चूक नाही. कडुनिंबाची, बाभळीची काडी चावून तिचा कुंचला करायचा आणि दात घासायचे, ही रीत फार जुनी. गोवरीची राखुंडी, मीठ, कोळसा हे घरचंच. ब्रशाचे केस आधी डुकराचे असत. ते तोंडात घालायला आपल्याकडे कोण तयार होणार? नायलॉनचा ब्रश आला १९३८ साली, अमेरिकेत. आपल्याकडे मंजनाची डबी आधी रुजली. विकोचे केशव पेंढरकर मुंबईला जाण्याआधी नागपुरातच किराणा दुकान चालवत. १९५२ साली त्यांनी औषधी वनस्पतींचं दंतमंजन काढलं. या सगळ्या वस्तू बोटानं किंवा काडीनं घासायच्या, आणि दात मोकळा असेल तर त्यानं बऱ्यापैकी काम भागे. तंबाखूची मिशरी तेवढी वेगळी. ती दात घासायला म्हणून लावायची, पण तिची सवयच जडायची. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ मध्ये सरकारनं बंदी केली, तरी घराघरांत ती भाजली जातेच. असो.

आता तारेचं. १७२८ साली फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी दातांवर मोठा ग्रंथ लिहिला. वाकड्या दातांना धातूची पट्टी लावून दोऱ्यानं बांधायची, असा उपाय त्यात आहे. पुढे अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये वेड्यावाकड्या जबड्यांचे तीन वर्ग ठरवले. ते आजही शिकवतात. पण तेव्हा तार अडकवायला दाताभोवती धातूची कडी बसवावी लागे. कडीखालचं सिमेंट सुटलं की अन्न आत शिरे आणि दात आतल्या आत किडे. ते कळायचं कडी काढल्यावर.

१९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी दाखवलं, की दाताचा पृष्ठभाग आम्लानं थोडा खरबरीत केला तर त्यावर राळेसारखा पदार्थ घट्ट चिकटतो. पुढे यातूनच कडीच्या जागी छोटी चौकट दातावर चिकटवायची पद्धत आली. दाढांना अजूनही कधी कधी कडी असते, पण समोरचे दात उघडे राहतात. आम्हाला इथंच सगळी गोष्ट बदललेली दिसते. कडीखालचा दात आईच्याही हाती नव्हता आणि डॉक्टरच्याही. चौकटीभोवतीचा दात रोज दिसतो, म्हणून तो घासणं घरच्यांच्या हाती आलं.

आणि तिथं बोट पोचत नाही, काडी पोचत नाही. राखुंडीचे खरबरीत कण तारेत अडकून बसतात. चौकटीच्या कडेला अन्न साचलं की त्यातून आम्ल तयार होतं आणि पांढरे डाग पडू लागतात, कधी महिनाभरातसुद्धा. दीड-दोन वर्षांनी तार निघते, दात सरळ दिसतात, पण प्रत्येक दातावर चौकोनाची पांढरी खूण राहते. ती पूर्णपणे जाईलच असं नाही. घरानं पैसे जमवून लावलेली तार आणि शेवटी ही खूण!

म्हणून मऊ ब्रश घ्या. आधी तारेच्या वर, ब्रश हिरडीकडे तिरका धरून. मग तारेच्या खाली. मग चावायची बाजू आणि आतली बाजू. बाटली धुण्याच्या ब्रशासारखा एक बारीक ब्रश मिळतो, तो तारेखालून फिरवा. पेस्ट फ्लोराइडची, वाटाण्याएवढी, आणि ती थुंकायची. जेवल्यावर निदान खळखळून चूळ भरायची. रात्री मात्र घासल्याशिवाय झोपू द्यायचं नाही, आणि दहा वर्षांच्या पोरीला एकटीवर सोडायचं नाही. उजेडात तोंड उघडून आईनं, बाबानं नाहीतर आजीनं बघायचं.

हिरडीतून रक्त आलं की पुष्कळ बाया ब्रशच बंद करतात. रक्त बहुधा मळामुळे येतं, म्हणून तिथं हलक्या हातानं, पण घासायचंच. आठवड्यात थांबलं नाही तर डॉक्टरला दाखवा. ऊस दातानं सोलणं, शेंगा फोडणं, चिक्की, फुटाणे हे तार असेपर्यंत बंद. संत्रं चालतं, पण खाऊन झाल्यावर चूळ भरायची. चौकट सुटलीच तर घरी चिकटवू नका. तुकडा पुडीत बांधून पुढच्या वारीची वाट न बघता दवाखान्यात न्या.